आमचं गटसत्र बंद करू नका: अधिष्ठातांना एका परिचारिकेचं खुलं पत्र

माननीय अधिष्ठाता आणि रुग्णालय प्रशासन यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या सहीने एक कार्यालयीन आदेश निघाला. कामाच्या ताणाबद्दल परिचारिकांनी एकत्र बसून बोलण्यासाठी दर पंधरवड्याला बुधवारी दुपारी भरणारं गटसत्र त्या आदेशाने बंद करण्यात आलं. कारणं थोडक्यात दिली आहेत. मनुष्यबळ अपुरं असल्यामुळे कर्मचाऱ्यांना ड्यूटीतून सोडता येत नाही, गरजूंनी मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात दाखवावं, तणाव व्यवस्थापनावर वर्षातून एकदा कार्यशाळा घेतली जाईल, आणि सत्राची खोली अन्य कामासाठी लागणार आहे. आम्ही अधिसेविका (मेट्रन) मॅडममार्फत रीतसर अर्ज दिला. उत्तर आलं नाही. स्मरणपत्र दिलं, त्यालाही नाही. म्हणून आता हे पत्र सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी लिहिते आहे.

रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही, माझंही नाही. आपल्याला दोन्ही माहीत आहेत. नाव लिहिलं तर गटातल्या बाकीच्या जणी ओळखू येतील, आणि त्या खोलीत बोललेलं बाहेर न्यायचं नाही हा शब्द आम्ही एकमेकींना दिला आहे. त्यामुळे या पत्रात जे वैयक्तिक आहे ते फक्त माझं आहे. शिवाय ही गोष्ट एका रुग्णालयापुरती राहिलेली नाही. शासकीय रुग्णालयात काम करणारी कोणतीही सिस्टर हे वाचेल तेव्हा तिला नाव विचारावं लागणार नाही.

मी शस्त्रक्रिया विभागात अधिपरिचारिका आहे. कोविडच्या दोन्ही मोठ्या लाटांत माझी ड्यूटी अतिदक्षता विभागात होती. त्या काळात मी टिकून होते. बिघडले ती नंतर, वॉर्ड पूर्ववत झाले तेव्हा. झोप व्हायची, पण उठताना अंग आदल्या रात्रीइतकंच जड असायचं. घरी कुकरची शिट्टी झाली की मॉनिटरचा अलार्म वाटून छाती धडधडायची. वॉर्डात पेशंटना मी नावाने ओळखेनाशी झाले. माझ्यासाठी ते बारा नंबर, एकोणीस नंबर, जमिनीवरचा बेड असे झाले. पेशंट दगावला की बॉडी बांधायची, कागद पूर्ण करायचे, चादर बदलून पुढचं ॲडमिशन घ्यायचं, आणि यातल्या कशाचंच मला काही वाटेनासं झालं. काम चोख होत होतं. इंजेक्शनची वेळ चुकली नाही, नोंदी अपुऱ्या राहिल्या नाहीत. म्हणूनच कोणाच्या लक्षात आलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या वर्गीकरणाची ११वी आवृत्ती स्वीकारली. तिच्यात बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. हे वाचताना मी माझीच नोंद वाचत होते. पण त्याहून महत्त्वाचं त्याच्या व्याख्येत आहे. बर्नआउटला तिथे आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ चाललेला ताण नीट हाताळला गेला नाही की जी अवस्था येते ती बर्नआउट. म्हणजे त्याचं मूळ कामाच्या ठिकाणी आहे. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने त्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं तेही न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांना पाहून, ज्यांत तो स्वतःही होता. रुग्णसेवा करणाऱ्यांमध्येच हे पहिल्यांदा नीट ओळखलं गेलं, आणि इतक्या वर्षांनी आम्हाला अजून ते आहे हे पटवून द्यावं लागतं.

आमच्या गटात आठ जणी. सोबत बाहेरून येणाऱ्या एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. वेळ दीड तास. नियम मोजके: वेळेवर यायचं, फोन बंद, कोणी बोलत असताना मध्ये तोडायचं नाही, न विचारता सल्ला द्यायचा नाही, आणि खोलीतलं खोलीतच राहायचं. त्या ताई व्याख्यान देत नव्हत्या. कोणी गप्प असेल तर तिला गप्प राहू द्यायच्या. एखादी सारखं "सगळ्यांनाच असतं हो" म्हणून विषय संपवायला लागली की तिला हळूच थांबवून विचारायच्या, "तुम्हाला काय होतं ते सांगा." पहिल्या काही सत्रांत आम्ही फक्त ड्यूटी लिस्टबद्दल बोललो. मग एक दिवस एकीने सांगितलं की तिला वॉर्डात काहीच वाटत नाही आणि त्याची तिला भीती वाटते. मी तोवर समजत होते की हे माझ्या एकटीचं आहे, माझ्यातली माया आटली आहे. त्या खोलीत आठपैकी किती माना हलल्या ते मी पाहिलं. त्या दिवसानंतर मी पुन्हा पेशंटचं नाव विचारून सलाईन लावायला लागले. गोळीने ते झालं नसतं, कोणी समजावूनही झालं नसतं.

आता आपल्या आदेशातल्या कारणांविषयी.

मनुष्यबळ कमी आहे हे आम्हाला आपण सांगायची गरज नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं मानक शिक्षण रुग्णालयाच्या साध्या वॉर्डासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका असं आहे. आमच्या वॉर्डात नाइटला चाळिसाच्या वर पेशंट आणि आम्ही दोघी असतो, त्यातली एक ऑपरेशनचा पेशंट आणायला गेली की एकटीच. पदं रिक्त आहेत, कंत्राटी मुली येतात, शिकतात आणि कंत्राट संपलं की जातात. हे सगळं खरं आहे. पण नेमकं याच कारणासाठी गट बंद करणं मला पटत नाही. सत्र दुपारी अडीचला ठेवलं होतं ते विचार करूनच. सकाळपाळीच्या जणी ड्यूटी संपवून, हँडओव्हर देऊन थांबायच्या. तो वेळ त्यांचा स्वतःचा होता. प्रश्न फक्त संध्याकाळपाळीच्या चौघींचा, पंधरा दिवसांतून एकदा दीड तासाचा. त्या वेगवेगळ्या वॉर्डांतल्या होत्या आणि प्रत्येक वॉर्डात त्या वेळी दोन पाळ्यांची माणसं एकत्र असतात. दुसरीकडे पाहा. गेल्या वर्षभरात किती जणी दीर्घ वैद्यकीय रजेवर गेल्या, किती जणींनी विनंती बदली मागितली, किती जणींनी नोकरीच सोडली, याची नोंद आपल्याच आस्थापना शाखेत आहे. ती मागवा आणि या दीड तासाशेजारी ठेवून बघा. मनुष्यबळ कमी असताना आहे ते टिकवायचं असतं, हे कोणत्याही इन्चार्ज सिस्टरला कळतं.

दुसरं कारण बाह्यरुग्ण विभागाचं. आपल्याच रुग्णालयात मानसोपचार ओपीडीबाहेर केसपेपर हातात घेऊन बसलेली सिस्टर कशी दिसते याची कल्पना करा. खिडकीवरचा क्लार्क ओळखीचा, रांग लावणारा मामा ओळखीचा, आत बसलेला निवासी डॉक्टर कालच आपल्या वॉर्डात कॉलवर येऊन गेलेला. दुपारपर्यंत तिची बातमी कँटीनमध्ये पोचलेली असते. पुढच्या पदोन्नतीच्या वेळी कोणीतरी हळूच म्हणतं, "तिचं जरा तसं आहे ना." २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण जिथे आपण नोकरी करतो तिथेच रुग्ण झालो की तो हक्क कागदावरच राहतो. ज्यांना नैराश्य आहे, ज्यांना औषधं लागतात, जीव द्यावा असे विचार येतात, त्यांनी डॉक्टरांकडे जायलाच हवं आणि लगेच जायला हवं. गटातल्या ताई हे पहिल्या दिवसापासून सांगत आल्या. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, २०२२पासून सुरू आहे, मराठीतून बोलता येतं, आणि तो मी स्वतः दोघींना दिला आहे. पण जी सिस्टर आजारी नाही, फक्त कामाने पिचली आहे, तिला पेशंट करून रांगेत उभी करणं म्हणजे कामाच्या जागेचा दोष तिच्या डोक्यात शोधणं होय.

तिसरं, वार्षिक कार्यशाळा. मागच्या कार्यशाळा आम्ही ऐकल्या आहेत. सभागृहात दीडशे जण, समोर पडद्यावर चित्रं, श्वास कसा घ्यावा, सकारात्मक विचार कसा करावा, शेवटी प्रमाणपत्र. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला होता, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण व्याख्यान ऐकणं आणि गटात बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. १९०५ मध्ये बॉस्टनमध्ये जोसेफ प्रॅट या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली ती आहार, विश्रांती, स्वच्छता शिकवण्यासाठी. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की शिकवण्याइतकाच, किंबहुना जास्त, उपयोग त्या माणसांना एकमेकांचा होतो आहे. पुढे १९५०च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकल आणि एनिड बालिंट यांनी डॉक्टरांचेच गट भरवले. प्रत्येकाने आपल्याला छळणारा एखादा पेशंट मांडायचा आणि बाकीच्यांनी त्या पेशंटबरोबर त्या डॉक्टरचंही काय होतं आहे ते पाहायचं. जगात अनेक ठिकाणी ते गट आजही भरतात.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या त्या व्यसनमुक्ती केंद्राने अख्ख्या महाराष्ट्राला दाखवून दिलं की एकाच दुःखातून गेलेली माणसं गोल करून बसली आणि खरं बोलू लागली की कितीतरी गोष्टी शक्य होतात. तिथून बरे झालेल्यांची कुटुंबं आपल्या राज्यात गावोगाव आहेत. त्यामुळे सामूहिक उपचार ही पाश्चात्त्य चैन आहे, आपल्या माणसांना असं चारचौघांत बोलणं जमत नाही, हे जे एका बैठकीत आम्हाला सांगण्यात आलं ते मी मान्य करू शकत नाही. आपली माणसं बोलतात. फक्त समोर वरिष्ठ बसलेला नसावा आणि बोललेलं उद्या आपल्याविरुद्ध वापरलं जाणार नाही याची खात्री असावी.

यावरूनच पुढची तक्रार, जी आदेशात लिहिलेली नाही. गट बंद व्हायच्या आधी दोनदा आमच्याकडे हजेरीपट मागण्यात आला, नावानिशी आणि सहीनिशी. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ ताईंकडे प्रत्येक सत्राचा चर्चेचा गोषवारा मागितला गेला. त्यांनी तो द्यायला नकार दिला आणि त्यांच्या व्यवसायाच्या नीतीप्रमाणे त्यांनी योग्यच केलं. सरकारी पैशाच्या कामाची नोंद हवी, हे मला समजतं. किती सत्रं झाली, किती जणी आल्या, हा आकडा घ्या. नावं आणि शब्द मागू नका. ते मागितल्यावर पुढच्याच सत्राला तीन खुर्च्या रिकाम्या होत्या.

आणि तोंडी सांगण्यात आलेलं खरं कारण असं की हा गट "तक्रारींचा अड्डा" झाला आहे, युनियनचं काम चालतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. साहेब, बर्नआउट कामातून येतो, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलताना काम येणारच. ताप मोजला म्हणून थर्मामीटरवर रागवायचं नसतं. गटातून जे प्रश्न पुढे आले ते सगळ्यांच्या संमतीने, नावं न घेता आम्ही कळवले होते. त्यात मागणं काय होतं? बदललेली ड्यूटी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर टाकू नये. सलग नाइट संपल्यावरचा ऑफ रद्द करू नये. वॉर्डात मृत्यू झाल्यावर ज्या सिस्टरने सगळं केलं तिला दहा मिनिटं बाहेर बसू द्यावं, तोवर दुसरीने बेड सांभाळावेत. नातेवाइकांनी अंगावर धावून येण्याचा प्रकार झाला तर रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या २०१०च्या राज्याच्या कायद्याखाली तक्रार रुग्णालयाने नोंदवावी, त्या बिचारीला एकटीने पोलीस चौकीत पाठवू नये. यातली दहा मिनिटांची गोष्ट एका वॉर्डाच्या परिसेविकांनी (इन्चार्ज सिस्टरनी) स्वतःहून अमलात आणली. एक रुपया खर्च आला नाही. तिथल्या मुली त्यांचं नाव काढतात.

खोलीबद्दल फार लिहीत नाही. कोणतीही खोली द्या, दार बंद होणारी असली की पुरे.

गटाने सगळं ठीक होतं असा माझा दावा नाही, आणि हे मला ठामपणे लिहायचं आहे, कारण उद्या कोणी म्हणेल की गट चालू आहे ना, मग आणखी काय हवं. चाळीस पेशंटमागे दोघी हे गणित गटाने बदलत नाही. नुसतं सहन करायला शिकवणारा गट मलाही नको. काही जणींना गटात बोलणं मानवत नाही, त्यांच्यासाठी एकट्याने बोलण्याची सोय हवी. एखादी फार मोठ्या धक्क्यातून जात असेल तर तिला आधी स्वतंत्र उपचार हवेत. इन्चार्ज आणि तिच्या हाताखालची सिस्टर एका गटात बसवू नये, दोघींचीही कुचंबणा होते. आणि चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित हवी. हौसेने चालवलेल्या गटात जखम उघडी पडते आणि बांधणारं कोणी नसतं. या सगळ्या मर्यादा सांभाळून आमचा गट चालला होता, म्हणून तो गेल्याचं दुःख आहे.

निवासी डॉक्टरांच्या हालांची निदान नोंद तरी झाली. १९९२च्या केंद्राच्या निर्देशात त्यांचे आठवड्याचे ४८ तास ठरवले होते, ते कोणी पाळले नाहीत ही गोष्ट वेगळी. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने त्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला, आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको आणि आठवड्याची सुट्टी हवी असं सांगितलं. त्या मुलांना ते मिळावं असं मला मनापासून वाटतं. रात्री तीन वाजता आमच्या शेजारी तीच उभी असतात. पण परिचारिकांसाठी असं कोणी बसलं आहे असं मला दिसलं नाही. वॉर्डातल्या मावशी आणि मामा तर कोणाच्याच हिशेबात नाहीत, आणि मृतदेह उचलायला पहिला हात त्यांचा असतो. १२ मेला, परिचारिका दिनी, आम्हाला गुलाबाचं फूल मिळतं, भाषणं होतात. त्या दिवशी दिलेला मान आम्ही मानतो. तोच मान आता वर्षातल्या बाकीच्या दिवसांसाठी मागतो आहोत.

आमच्या मागण्या अशा:

१. गटसत्र पुन्हा सुरू करावं, पंधरवड्यातून एकदा, आणि संध्याकाळपाळीच्या सदस्यांचा तो वेळ ड्यूटीत धरावा. सकाळपाळीच्या जणींना त्या वेळेची भरपाई रजा द्यावी.

२. गट चालवणारी व्यक्ती प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकार सामाजिक कार्यकर्ती असावी आणि रुग्णालयाच्या अधिकारसाखळीबाहेरची असावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात कामाच्या ठिकाणचा ताण हा घटक समाविष्ट आहे, त्यातून सोय करता येईल का हे पाहावं.

३. नावानिशी हजेरी आणि चर्चेचा गोषवारा मागणार नाही असं लेखी द्यावं.

४. परिसेविकांसाठी वेगळा गट, वॉर्डातल्या मावशी-मामांसाठी वेगळा गट सुरू करावा. कंत्राटी परिचारिकांना कोणत्याही अटीविना प्रवेश असावा.

५. ज्यांना स्वतंत्र उपचार हवे आहेत त्यांच्यासाठी दुसऱ्या एखाद्या संस्थेत सोय करावी, म्हणजे आपल्याच रुग्णालयात केसपेपर काढावा लागणार नाही.

६. गटातून संमतीने, निनावी आलेल्या सूचनांना तीन महिन्यांतून एकदा प्रशासनाने लेखी उत्तर द्यावं. नकार असला तरी चालेल, कारणासह असावा.

७. रिक्त पदांचा प्रस्ताव वर कधी पाठवला आणि तो कुठे अडला आहे, हे सूचना फलकावर लावावं.

यातल्या सातव्यावर आपला पूर्ण अधिकार नाही, हे आम्ही जाणतो. पहिल्या सहांवर आहे.

पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट २५ तारखेच्या सुमारास लागते. त्याआधी निर्णय झाला तर बुधवारची वेळ तिच्यात धरता येईल आणि कोणत्याही वॉर्डाला त्रास होणार नाही. आम्ही आपल्याला भेटून बोलायला तयार आहोत. आपल्या सोयीची वेळ अधिसेविका मॅडमकडे कळवावी. नाइट करून आलेल्या जणीही थांबतील.

आपली विश्वासू,
एक अधिपरिचारिका, शस्त्रक्रिया विभाग